रनफ्लॅट काढून साधे टायर बसवताना सोलापुरात झालेली फसवणूक

रनफ्लॅट टायर काढून साधे टायर बसवून घेण्यात गैर काहीच नाही. बाजूची भिंत जाड आणि कडक असल्याने हवा गेल्यावरही हा टायर ताशी 80 किलोमीटरच्या मर्यादेत साधारण 80 किलोमीटर गाडी नेतो, परंतु त्याच कडकपणामुळे आपल्याकडच्या खड्ड्यांचे हादरे पाठीला बसतात आणि त्याची किंमतही बरीच जास्त असते. म्हणून 2024 मध्ये मी सोलापुरातील एका दुकानातून चारही टायर बदलून घेतले. “साहेब, ताजा माल आहे, कालच उतरलाय,” असे मालकाने सांगितले. चाके आतल्या शेडमध्ये नेऊन टायर चढवण्यात आले आणि माझ्या हाती कच्ची पावती पडली.

पुढे पुण्याला जाताना मोहोळजवळ एक टायर बसला. मूळचे टायर रनफ्लॅट असल्याने या गाडीच्या डिकीत कंपनीने स्टेपनी दिलेलीच नव्हती, आणि साधे टायर विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. भर उन्हात महामार्गाच्या कडेला कुटुंबासह थांबावे लागले. अखेर आलेल्या पंक्चरवाल्याने चाक काढले, आतली बाजू ओल्या फडक्याने पुसली आणि लंबगोल चौकटीतील 1119 हा आकडा मला दाखवला. यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे हा टायर 2019 च्या अकराव्या आठवड्यातला होता. हा पूर्ण आकडा बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतो. चारही टायर ती बाजू आत जाईल असे चढवलेले निघाले, आणि हा योगायोग असू शकत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. गाडीच्या पुस्तिकेत भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा, 94 म्हणजे प्रत्येक टायरला 670 किलो सांगितला आहे; बसवलेल्या टायरांवर 91 होता, म्हणजे 615 किलो. पाच माणसे आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत हा फरक जिवाशी खेळ आहे. “भंगाराचाच भाव येईल” म्हणून ठेवून घेतलेले माझे रनफ्लॅट तर जाब विचारायला गेलो तेव्हा त्याच दुकानात विक्रीला मांडलेले होते. आधी काढलेल्या फोटोंतील आकड्यांशी त्यांचे आकडे जुळले.

मालकाने हात वर केले. पक्के बिल नसले तरी ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद होती, तिच्या आधारे मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत असते. टायर बदलणाऱ्यांनी चारही टायर रिमवर चढण्याआधी जमिनीवर ठेवायला लावून तारीख आणि भारांक स्वतः वाचावा, दोन्ही गोष्टी जीएसटीच्या बिलावर लिहून घ्याव्यात, आणि स्टेपनी किंवा पंक्चर किट व हवा भरण्याचा पंप गाडीत ठेवल्याशिवाय महामार्गाला लागू नये.