सैनिक कल्याण कार्यालयाला नोटीस: हातपोच द्यावी की पोस्टानं?

अपशिंग्यासारख्या गावांत घरटी कुणीतरी फौजेत, त्यामुळे साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी अनेकजण चढतात. पण कधी वसतिगृहाच्या दुरुस्तीचं बिल अडकतं, कधी जागेच्या हद्दीवरून वाद होतो आणि दावा लावायची वेळ येते. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस, म्हणजे शासनाला दाव्याची आगाऊ सूचना, देऊन दोन महिने थांबावं लागतं.

सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या नावे नोटीस गेली की भागलं, असं पुष्कळजण धरून चालतात. तसं नाही. हे कार्यालय राज्य शासनाचं, म्हणून दावा ‘महाराष्ट्र राज्य’ विरुद्ध लागतो आणि नोटीस शासनाच्या सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचावी लागते. अधिकाऱ्यांनी पदावर राहून केलेल्या कृतीबद्दल त्यांनाही प्रतिवादी करायचं असेल, तर त्यांच्या कार्यालयात वेगळी नोटीस द्या. सचिव आणि जिल्हाधिकारी यांतलं कुणीही कायद्याला चालतं. सातारा-सांगलीकरांनी मुंबई गाठण्याचं कारणच नाही.

आता हातपोच की पोस्ट? माझा कौल हातपोचेला. आवक टेबलावर दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: शिक्का नोटिशीच्याच पहिल्या पानावर हवा. तो नुसत्या वरच्या पत्रावर पडला, तर पुढे ‘पत्र मिळालं, नोटीस नव्हती’ असं म्हणायला वाव राहतो. शाई पुसट उमटली असेल तर तिथल्या तिथे पुन्हा मारून घ्या. नोटिशीचे दोन महिने शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजायचे असतात. ते पुरे होण्याआधी लावलेला दावा तिथेच अडकतो.

पोस्टाचा फायदा एवढाच की ‘साहेब नाहीत, उद्या या’ हे ऐकावं लागत नाही. पोच द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर सरळ पोस्ट ऑफिस गाठा. १ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, म्हणून काउंटरवर नोंदणी आणि पोच दोन्ही मागून घ्या. नोटीस पोचल्याची ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढा. पैशाचा मामला मोठा असेल तर दोन्ही मार्ग वापरा. त्यात कंजुषी नको. ईमेल जादा म्हणून पाठवा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

१९६१ साली सुरू झालेली साताऱ्याची सैनिक स्कूल राज्य शासनाच्या कार्यालयांत मोडत नाही. ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली सैनिक स्कूल सोसायटी चालवते; तिथे जिल्हाधिकाऱ्यांना दिलेली नोटीस कामाची नाही.

दावा दाखल झाल्यावर निघणारं समन्स ही पुढची पायरी. शासनावरचं समन्स स्वीकारायला त्या कोर्टातले सरकारी वकील असतात, त्यामुळे तिथे धावपळ कमी.

दावा लावायची कायदेशीर मुदत संपत आली म्हणून नोटीस टाळू नका. मुदत कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वगळले जातात. उद्याच बांधकाम पाडणार अशी वेळ असेल, तर कलम ८०(२) खाली कोर्टाची परवानगी मागून नोटिशीशिवाय दावा लावता येतो. मात्र तातडी पटली नाही, तर कोर्ट दावा परत करतं आणि आधी नोटीस द्यायला सांगतं.