नाताळातलं चार्टर आणि आमचे साडेतीन लाख

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी चार्टर, म्हणजे अख्खं भाड्याचं, विमान ठरवत असाल, तर ॲडव्हान्स भरण्याआधी हे वाचा. आमच्याकडून साडेतीन लाख घेणारा एजंट अजूनही मोकळा आहे.

पुतणीचं लग्न गोव्याला होतं. नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या मोठ्या काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मुंबईत विमान बदलणं त्यांना झेपणार नव्हतं आणि थेट विमानाची तिकिटं संपली होती. सगळ्या भावंडांनी मिळून पैसे काढायचं ठरवलं. ओळखीतून या एजंटचा नंबर मिळाला.

"भाऊ, एम्प्टी लेग आहे म्हणून सात लाखांत देतो. संध्याकाळपर्यंत अर्धे टाका, मागे दुसरी पार्टी उभी आहे."

हा प्रकार समजून घ्या. चार्टर विमानं बहुतेक मुंबई-दिल्लीत उभी असतात. ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रिकामी येतात, त्या उड्डाणाचा खर्चही गिऱ्हाइकाच्याच बिलात लागतो. कोणाला तरी सोडून विमान रिकामं परतणार असेल, तर ती फेरी, म्हणजेच एम्प्टी लेग, खरोखर स्वस्तात मिळते. पण नाताळात लोक गोव्याकडे जातात, रिकामं विमान तिथून परत येतं. ऐन गर्दीत गोव्याकडेच जाणारी फेरी कोणी रिकामी म्हणून विकत असेल, तर ते विमान कोणाला आणायला चाललंय हे आधी विचारा.

कोटेशनवर विमानाचं मॉडेल किंग एअर बी-200 लिहिलं होतं, सोबत पांढऱ्या विमानाचा सुंदर फोटो. निघायच्या आदल्या दिवशी फोन आला की विमान ग्राउंड झालंय, म्हणजे बिघाडामुळे उडू शकत नाही, दुसरं हवं तर आणखी चार लाख लागतील. आम्ही पैसे परत मागितले आणि त्याचा फोन बंद झाला. भाच्याने तो फोटो मोठा करून पाहिला. शेपटीजवळचा क्रमांक 'एन'ने सुरू होत होता, म्हणजे विमान अमेरिकेत नोंदलेलं. भारतातल्या विमानावर 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरं असतात. बिलावरचा जीएसटी क्रमांक 27ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने, सुरू होणारा आणि दिसायला बरोबर. पोर्टलवर टाकला तर तो कुठल्याशा केटरिंगवाल्याचा निघाला. काकांचं लग्नाला जाणं राहून गेलं. पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे.

एजंटकडून विमानाचा नोंदणी क्रमांक आणि ते चालवणाऱ्या कंपनीचं नाव लेखी घ्या. भाड्याने विमान चालवायला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे. खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्याने देताच येत नाही, मालक कितीही ओळखीचा असो. मग त्या कंपनीला स्वतः फोन करा, एजंटने दिलेल्या नंबरवर नाही. तारीख खरंच तुमच्या नावावर आहे का ते विचारा, आणि पैसे कंपनीच्याच खात्यात भरा. विमान बिघडलं तर पर्यायी विमानाचा खर्च कोणाचा, हे करारात असलंच पाहिजे.

पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. आमची थोडी रक्कम त्याच्या खात्यात गोठवली गेली, बाकीची त्याने आधीच पुढे वळवली होती. एजंटचे मेसेज, कोटेशन, बँकेची नोंद, काहीही डिलीट करू नका. सायबर पोलिसांनी आमच्याकडे पहिल्यांदा तेच मागितलं.