साकोलीतलं थाई हॉटेल: पावसाळ्यापासून आतापर्यंत

हायवेच्या कडेचं हे छोटं थाई हॉटेल चालणार नाही, असं गावात बरेच जण म्हणत होते. पावसाळ्यात उघडलं, आता कूलर लागले, तरी रविवारी टेबलासाठी थांबावं लागतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सोम तम मागवावं. कच्च्या पपईचा कीस, बरबटीच्या शेंगा, टमाटर, लसूण, हिरवी मिरची हे सगळं उखळीत हलक्या हाताने चेचतात; वर लिंबू, गूळ, फल्लीदाणे. थायलंडात ताडगूळ घालतात, इथे उसाचा, पण बिघडत काही नाही. पपई जवळच्याच वाडीतली, त्यामुळे कीस कुरकुरीत राहतो. पोरगा विचारतो, "तिखट किती टाकू जी?" सावजी पचवणाऱ्यांनीही आधी मध्यमच सांगावं. इथे तिखट झाकायला ना तेल, ना मसाला; कच्ची मिरची थेट कानात जाते.

टॉम यम सूपमध्ये गवती चहा परसातला, ताजा. गलांगल (आल्याच्या जातीचा कंद) मात्र मिळत नाही म्हणून आलं घालतात, आणि मग सूप सर्दीच्या काढ्याकडे झुकतं. तरी तलावातले झिंगे आलेले असतील त्या दिवशी सोडू नका. झिंग्यांच्या याच सूपाला २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

ग्रीन करी नको. वाटण बाटलीतलं, नारळाचं दूध डब्यातलं, दर वेळी तीच सपक गोडी. पॅड थाय नूडल्सही गोडच, पण चिंच वाढवायला सांगितलं की जमतं. भात थाई जास्मिन तांदळाचा नाही, आपल्याकडच्या सुवासिक चिन्नोरचा देतात. मला तोच आवडतो, वास रस्स्याखाली दबत नाही. आणि काड्या मागू नका. थायलंडातही भात चमच्यानेच खातात, काड्या नूडल्सपुरत्या.

शाकाहाऱ्यांनी नीट विचारून घ्यावं. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी बहुतेक फिश सॉस पडतो, करीच्या वाटणात सुकट झिंग्यांचा लगदा असतो. 'व्हेज' लिहिलेल्या पदार्थातही सॉस पडू शकतो. सांगितलं तर सोया सॉस वापरतात. श्रावणात कढई वेगळी ठेवली होती, नंतर पुन्हा एकच झाली. माळकरी पाहुणे न्यायचे असतील तर आदल्या दिवशी फोन करा, वेगळी कढई काढून ठेवतात.