सॅकसाठी घेतलेली विमानप्रवासाची खोळ

मारखा खोऱ्याच्या ट्रेकसाठी मुंबईहून दिल्लीमार्गे लेहला जाताना 60 लिटरच्या सॅकवर चढवायला मी ही जाड नायलॉनची खोळ घेतली आणि सॅकचे लोंबते बंद सरकत्या पट्ट्यात अडकून तुटण्याची माझी जुनी धास्ती तिने खरोखरच मिटवली. ट्रेकिंगच्या काठ्या आणि तंबूच्या खुंट्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे त्याही आतच बांधल्या. पॉवर बँक तेवढी हातातल्या पिशवीत ठेवली. (गॅसचे डबे विमानात कोणत्याच सामानात चालत नाहीत, ते लेहच्या बाजारातच घ्यावेत.) परतीच्या प्रवासात चेनजवळची शिवण बोटभर उसवली, कापड मात्र कुठेही फाटले नाही. चेक-इनला सहसा 15 किलोच मिळत असल्याने खोळीचे वजन थोडे कमी हवे होते, तरीही पुढच्या ट्रेकला मी हीच नेणार आहे.