पीजी-डंप की बेसबॅकअप?

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या डेटाचा बॅकअप घ्यायचे हे दोन मार्ग. डेटाबेस छोटा असेल तर पीजी-डंप, म्हणजे टेबलं आणि डेटा वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घेणं, पुरतो. एखादंच टेबल परत आणता येतं, नव्या आवृत्तीवरही चढवता येतं. पण रिस्टोअर करताना सगळे इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) नव्याने बांधले जातात. डेटा मोठा असला की रात्र तिथेच जाते. शिवाय डंप पहाटे दोनचा आणि दुपारी चारला कुणी ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी, ही अट) न लावता डिलीट मारलं, तर मधलं सगळं गेलंच.

बेसबॅकअप म्हणजे डेटाबेसच्या सगळ्या फाइल्सची जशीच्या तशी नक्कल. तिच्यासोबत वॉल फाइल्सचं (प्रत्येक बदलाच्या नोंदींचं) आर्काइव्ह असेल, तर ३:५९ ला परत जाता येतं. मात्र मेजर आवृत्ती तीच हवी. माझं मत यालाच, डंप जोडीला.

दोन्हींत रिस्टोअर करून बघाच. २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटकडे डंपचं टूल आवृत्ती ९.२ चं, डेटाबेस ९.६ चा, म्हणून डंप फसत होता आणि इशाऱ्याचे मेल पोचतच नव्हते.