ग्रामपंचायतीनं मालमत्तेचा सर्वे अन् देखभालीचं अ‍ॅप घ्यावं का? आमच्या गावाचा अनुभव

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, दोन हजाराच्या आतबाहेर वस्ती अन् गावाला लागून एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. मागच्या वर्षी आम्ही एका छोट्या कंपनीकडून गावातल्या सगळ्या सार्वजनिक मालमत्तेचा सर्वे करून घेतला, म्हणजे नळयोजना, नाल्या, रस्ते, लाईटचे खांब, हातपंप, अंगणवाडी, समाजमंदिर, सगळंच, अन् सोबत त्यांचं अ‍ॅप पण घेतलं. असं काम करणारे आता बरेच झाले, थोड्याफार फरकानं सगळ्यांचं सारखंच असते म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही, सेवा कशी आहे तेवढं लिहितो. आजूबाजूच्या गावचे सरपंच अन् सदस्य फोन करून विचारून राहिले, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

सर्वेचे पैसे पुरे वसूल झाले, अ‍ॅपचे अर्धेच. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

आता कोणी म्हणन की ग्रामपंचायतीत रजिस्टर असतेच ना. असते. लेखासंहिता २०११ प्रमाणं १ ते ३३ नमुने ठेवावे लागतात, त्यात नमुना २२ स्थावर मालमत्तेचा, २३ रस्त्यांचा, २४ जमिनीचा. पण त्या नमुन्यात रस्ता कधी झाला, किती लांब, किती खर्च आला एवढंच भेटते, रस्त्याखालून पाईप कुठून गेला अन् व्हॉल्व्ह कुठं गाडला गेला हे त्यात येत नाही. ही माहिती आमच्याकडं एकाच माणसाच्या डोक्यात होती, आमचे नळवाले काका. पंचवीस-तीस वर्षांपासून तेच पाणी सोडतात. ते दवाखान्यात भरती झाले होते तेव्हा अर्ध्या गावात पाणी आलं नाही, पोरं सब्बल घेऊन रस्ता खोदत होते अन् व्हॉल्व्ह काही सापडत नव्हता. तेव्हाच सरपंच ताईंनी ठरवलं की हे कागदावर आलं पाहिजे.

सर्वेला दोन पोरं आले, दोघंही डिप्लोमावाले, अन् त्यांचं काम मला खरंच आवडलं. त्यांनी काकांना सोबत घेतलं, हीच पहिली चांगली गोष्ट. मला वाटलं होतं मोबाईल काढतील, लोकेशन टाकतील, फोटो मारतील अन् निघून जातील. पण मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडचं तिकडं दाखवते, खांबाला तेवढं चालते, जमिनीखालच्या व्हॉल्व्हला नाही चालत, चार मीटर चुकलं म्हणजे दुसऱ्याच्याच दारासमोर खोदणं आलं. म्हणून पोरांनी प्रत्येक व्हॉल्व्हचं माप टेपनं घेतलं, जवळच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून. शाळेच्या भिंतीचा कोपरा अन् पारावरच्या मारुतीच्या ओट्याचा कोपरा, दोन्हीकडून टेप ताणला अन् दोन्ही आकडे लिहून घेतले. आता कोणीही नवीन माणूस दोन टेप घेऊन उभा राहिला तर जिथं टेप भेटतात तिथंच व्हॉल्व्ह. रस्ता झाला, वरून सिमेंट पडलं, तरी कोपरे जागेवरच राहतात.

अन् काका सांगत गेले तसं पोरं आटे पण, म्हणजे कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवून खोलायचा ते, लिहीत गेले. "हा जो कडुलिंबापाशी आहे नं, याले सात आटेच खोलाचं, पुरा खोलला तर वरच्या पुऱ्यात पाणीच चढत नाही." हे वाक्य आमच्या गावाच्या नळयोजनेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे बाप्पा, अन् ते आजवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं ठरलं आहे, पण ते वरच्या पुऱ्यालाही अन् खालच्या पुऱ्यालाही भेटायचं असल तर व्हॉल्व्ह किती खोलायचा हेच त्याचं उत्तर आहे. खाली पाणी वाहून जाते अन् वर बाया गुंडाभर पाण्यासाठी टिल्लू पंप लावतात, मग टिल्लूनं बाकीच्यांचं पाणी ओढल्या जाते, मग भांडणं.

पोडावर पण गेले ते, हे मुद्दाम लिहितो, कारण आजवर जो कोणी मोजमापाला आला तो गावठाणातूनच परत गेला. तिथले हातपंप, कच्चा रस्ता, सोलरचा दिवा, सगळ्याची नोंद झाली. दोनपैकी एका हातपंपाची साखळी तुटून पडली होती, ते त्याच दिवशी लिहिल्या गेलं.

आमच्याकडची जमीन काळी, तिचा सर्वेत चांगला विचार झाला असं मला वाटते. काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ओढाताणीत पाईपाचे जॉइंट ढिले होतात, सिमेंट रस्ता खालून पोकळ होते अन् मधात चिरते. जिथं पाईपाखाली मुरूम किंवा रेती टाकली नाही तिथं दर मृगाला गळती ठरलेली. पोरांनी जुन्या गळत्यांच्या जागा लोकांना विचारून नकाशावर टाकल्या तर दिसलं की बहुतेक गळत्या एकाच पट्ट्यात आहेत, नाल्याच्या काठानं, जिथं काळी सगळ्यात खोल आहे. आधी आम्ही दरवर्षी तिथं तुकडे जोडत बसायचो, यंदा गावाच्या विकास आराखड्यात तेवढा पट्टाच पुरा बदलायचं काम घेतलं, खाली मुरमाची गादी टाकून. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२१ ते २०२६ च्या, निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, होता, त्यातला अर्धा पाण्याला अन् अर्धा स्वच्छतेला, म्हणून पैशाची अडचण आली नाही, अडचण होती ती नेमकं कुठं खर्च करायचा हे दाखवायची. ग्रामसभेत नकाशा भिंतीला लावला अन् वाद झालाच नाही, ज्याच्या त्याच्या वार्डातली नाली आधी हा दरवर्षीचा गोंधळ पण कमी झाला.

हमीचा हिशोब हा दुसरा मोठा फायदा. प्रत्येक कामापुढं काम पूर्ण झाल्याची तारीख अन् दोष दायित्वाची मुदत टाकली, म्हणजे तोवर काम बिघडलं तर ठेकेदारानंच फुकट दुरुस्त करून द्यायचं. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्याला पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडंच असते, फलकावर लिहिलेलं असते म्हणून लोकांना ते तरी माहीत आहे, पण गावातल्या छोट्या कामांचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. आमच्या एका गल्लीतला सिमेंट रस्ता दीड वर्षात उखडला होता. सगळे म्हणत होते नवीन प्रस्ताव टाका. रजिस्टर काढलं तर मुदत बाकी होती, करारनाम्याची प्रत, उखडलेल्या जागेचे फोटो अन् तारीख लावून पत्र दिलं, ठेकेदार थोडा टाळाटाळ करत होता पण शेवटी येऊन तेवढा भाग खोदून नवीन केला. गावाचा एक रुपया लागला नाही. सर्वेचे पैसे वसूल झाले म्हणतो ते इथं.

आता अ‍ॅपचं. अ‍ॅप मुळात नगरपालिकेसाठी बनवलेलं आहे हे उघडल्या उघडल्या समजते. प्रभाग, मॅनहोल, कचरा डेपो, असे रकाने आहेत, अन् हातपंप, गुरांचा हौद, स्मशानशेड, पांदण रस्ता हे काहीच नव्हतं. सांगितल्यावर टाकून दिलं पण त्याला दोन महिने गेले. पांदण रस्ता नसलेलं अ‍ॅप विदर्भात काय कामाचं, कास्तकाराला सोयाबीन घरी आणायचं तर तोच रस्ता लागते. देखभालीचं वेळापत्रक पण शहरासारखं, नालीसफाईची आठवण जूनच्या मध्यात येते, आमच्याकडं तोवर मृग लागलेला असते अन् एखादा जोराचा पाऊस येऊन पाणी घरात घुसलेलं असते. नाल्या मे मध्येच झाल्या पाहिजे, ते बदलून घ्या.

नेटवर्कची गोष्ट सांगायलाच नको. पोडावर रेंज नसते, अन् अ‍ॅप ऑफलाईन चालते म्हणून सांगितलं होतं, पण फोटो अपलोड होत नाही तोवर तक्रार सेव्हच होत नव्हती. त्यांच्या पोराला फोन केला की नीट बोलते, उचलते पण लगेच, पण दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये येईल म्हणते. आता बऱ्यापैकी चालते.

खांबांवर अन् हातपंपांवर क्यूआर कोडचे स्टिकर लावले होते, स्कॅन करा अन् तक्रार टाका असं. ते एका उन्हाळ्यात गेले. पंचेचाळीसच्या वर उन्हात कागदी स्टिकर टिकणार कसा? आम्ही शेवटी प्रत्येक खांबावर ऑइल पेंटनं नंबर टाकला, अन् तेच सगळ्यात चाललं. म्हातारी बाई पण ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातल्या केंद्रचालक पोरीला येऊन सांगते, "बाई, एकतीस नंबरचा लाईट गेला." पोरगी अ‍ॅपमध्ये टाकते. लोकांनी स्वतः अ‍ॅप उघडून तक्रार करावी ही अपेक्षा ठेवू नका, एक माणूस ठरवून द्या.

पण तक्रारी एका जागी जमा झाल्या त्याचा उपयोग मोठा झाला. तीन-चार खांबांचे एलईडी पुन्हा पुन्हा जात होते, आम्ही दरवेळी नवीन लावत होतो अन् दुकानदाराला शिव्या देत होतो. यादी पाहिली तर ते सगळे खांब एकाच ओळीतले. लाईनमनला दाखवलं, न्यूट्रल तारेचा जोड ढिला निघाला, त्यानं व्होल्टेज वाढून दिवे उडत होते. जोड घट्ट केल्यावर बंद झालं. तसंच टाकीचं. मोटर किती तास चालली ते काका रोज लिहितात, चार तासात भरणारी टाकी साडेपाच तास घ्यायला लागली तेव्हा विहिरीपासून टाकीपर्यंतची लाईन चालून पाहिली तर एका शेताच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, पाणी मुरून राहिलं होतं. नाहीतर आम्ही मोटर रिवाइंडिंगला काढून बसलो असतो.

डॅशबोर्ड, रंगीत ग्राफ, टक्केवारी, हे त्यांनी फार कौतुकानं दाखवलं पण गावात ते कोणी उघडत नाही. आराखडा अन् खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर जातेच, २०२० पासून, अन् तिथलं कोणालाही पाहता येते. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. आमच्याकडं सगळ्यात जास्त वापरल्या जाते ते म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा मोठा छापील नकाशा अन् काकांच्या खिशातली व्हॉल्व्हची छोटी वही.

घ्यायचं असल तर करारात एक गोष्ट लिहूनच घ्या. सगळी माहिती एक्सेलमध्ये अन् छापील, दोन्ही प्रती ग्रामपंचायतीच्या ताब्यात, वर्गणी भरली नाही तरी. आमच्या कराराच्या पहिल्या मसुद्यात हे नव्हतं, सरपंच ताईंनी सही करायच्या आधी अडून बसून टाकून घेतलं, कंपनीवाले आधी नाहीच म्हणत होते. गावाचे पाईप, गावाचे खांब, त्याची माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर अडकून पडली अन् तो कंपनीवाला उद्या धंदा बंद करून पुण्याला गेला तर आपण पुन्हा सब्बल घेऊन रस्त्यावर. ७३ व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत जे २९ विषय दिले त्यातला शेवटचा, २९ वा, सामुदायिक मालमत्तेची देखभाल हाच आहे. नवीन काम मंजूर करून आणायला सगळे धावतात, देखभालीसाठी कोणी मुंबईले जात नाही. मला याचं मनापासून वाईट वाटते, कारण टाकी बांधून झाल्यावर चार वर्षांत कोरडी पडलेली गावं मी माझ्याच तालुक्यात पाहिली आहेत.

पैशाचं म्हणाल तर सर्वेची रक्कम एकदाच द्यायची असते अन् अ‍ॅपची वर्गणी दरवर्षी. भाव करा, खांब-व्हॉल्व्हच्या संख्येवर दर मागा, घरांच्या संख्येवर नको, घरांचा सर्वे तर ते करतच नाहीत. तीन-चार गावं मिळून बोलावलं तर बरंच कमी होते, आमच्या बाजूच्या दोन गावांनी तसंच केलं. आम्ही यंदा वर्गणी फक्त तक्रारीच्या भागापुरती भरली, डॅशबोर्डवाला भाग काढून टाकला, अन् सर्वेच्या पोरांना पावसाळ्यानंतर पुन्हा बोलावलं आहे, नवीन पाईपलाईनची मापं वहीत चढवायला.