नावातला ‘ज्ञ’ जपणारा पाटीवाला

माझं नाव प्रज्ञा. उच्चार ‘प्रद्न्या’. इंग्रजीत मी डी-एन-वाय-ए लिहिते, ज्ञानेश्वर नावात आपल्याकडे लिहितात तसंच. हिंदीत ‘ग्य’ म्हणतात, तो त्यांचा उच्चार, माझी हरकत नाही. पण माझ्या दारावर माझाच उच्चार हवा. आधी ऑनलाइन मागवलेल्या पाटीवर जी-वाय-ए आलं. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘मॅडम, हेच करेक्ट आहे.’ फार लागलं मनाला.

मग रविवार पेठेतल्या एका छोट्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी आधी विचारलं, “ताई, तुम्ही सही कशी करता? करून दाखवा.” कागदावर नमुना काढला, एकेक अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं आणि मगच पितळेला हात लावला. देवनागरीतला ‘ज्ञ’ तर बघत राहावा असा कोरलाय. एरवी त्याची गाठ भरून काळा ठिपका होतो, इथे आतली पोकळी अगदी स्वच्छ आहे.

१,४०० रुपये घेतले. पाटी मिळायला दहा दिवस लागले, घरपोच सोय नाही. जाताना नाव दोन्ही लिप्यांत लिहून न्या.